चाचींच्या घरचे बारा

ती घटना आजही आठवते असं मी म्हणणार नाही, कारण ती विसरायची वेळच कधी आली नाही. कुठं जुन्या घड्याळाचे ठोके कानावर पडले की माझ्या डोळ्यांपुढे एका म्हाताऱ्या बाईचं हाडकुळं बोट येतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दोन वेळा डोकंही फोडून घेतलं. पण नातवंडं मागे लागली की 'आबा, तुमची सगळ्यात भारी केस सांगा', तेव्हा मी खुनाची गोष्ट सांगत नाही. एका मेजावरच्या घड्याळाच्या चोरीची सांगतो. बायको म्हणते, "झालं, लागली यांची टकळी." लागू दे. ज्या कामाचा अभिमान वाटतो ते सांगायला मला लाज वाटत नाही.

नावं मात्र कोणाचीच लिहिणार नाही. त्यातली काही माणसं हयात आहेत आणि जी नाहीत त्यांची घरं आहेत.

तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. कापसाचे ते वाईट दिवस. बाजारात पैसा फिरत नव्हता, त्यामुळे घराघरांतली जुनी पितळेची भांडी, समया, शिसवी पेट्या, कोरीव चौकटी बाहेर पडत होत्या. जुना माल घेणारे गाड्या घेऊन गावोगाव हिंडत आणि शहरात नेऊन विकत. जिथं विकणारे असतात तिथं चोरणारेही येतात. देवळातली घंटा गेली, कोणाच्या माडीवरचा झोपाळा कड्यांसकट गेला, अशा फिर्यादी आमच्याकडे सारख्या येत होत्या.

अशातच ढाणकीचा एक सरकी-ढेपेचा व्यापारी सकाळीच ठाण्यात आला. तिशीतला माणूस, पायात बूट, बोलण्यात घाई. त्याची फिर्याद अशी होती. त्याची चाची गावातल्या जुन्या घरी एकटी राहायची. चाचा वारले होते, मूलबाळ नव्हतं. हा स्वतः बस स्टँडकडे नवीन घर बांधून राहत होता. चाचींच्या बैठकीच्या खोलीतलं पिढीजात घड्याळ आदल्या दिवशी चोरीला गेलं होतं. पितळी पेटी, वर धरायला मूठ, पुढं काचेचं दार, आणि तासाला ठोके देणारं.

"चालू होतं का?" मी विचारलं.

"चालू तं होतं साहेब, पण थे घडी कधीच बरोबर टाइम दाखवत नाही. मी कितीदा म्हटलं, चाची, दुरुस्त करून आणतो. ऐकतच नाही."

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. घड्याळ जुनं आहे, चुकत असेल. कोणालाही हेच वाटलं असतं.

"कोणावर संशय?"

तो जराही थांबला नाही. "तांड्यावरचा कारभारी. काल दुपारी थोच आलता घरी. सीताफळं घेऊन आला अन् रिकामं पोतं घेऊन गेला. पोतं रिकामंच होतं का, थे कोणी पाहिलं?"

भारतीय दंड विधान कलम ३८० खाली गुन्हा दाखल झाला. माझा लिखापढीचा हवालदार चाचींचा जबाब घ्यायला घरी गेला. मोत्यासारखं अक्षर असलेला, कामाला चोख माणूस. चाची सत्तरी ओलांडलेल्या, घराबाहेर फारशा न पडणाऱ्या. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं: बारा वाजले तेव्हा घड्याळ जागेवर होतं, कारण तेव्हा मी माझ्या हाताने काटा फिरवला. मग मी आतल्या खोलीत नमाजला बसले. उठून आले तर घड्याळ नाही. कारभारी कधी आला होता, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, जोहरच्या अजानीला.

जोहर म्हणजे दुपारची नमाज. हवालदाराने हिशेब जुळवला. दुपारी बाराला घड्याळ होतं, त्यानंतर कारभारी आला, चाची नमाजला बसल्या, घड्याळ गेलं. जबाबात 'दुपारी बारा' असं आलं. त्यातला 'दुपारी' हा शब्द चाचींचा नव्हता, हवालदाराच्या पेनाचा होता. मी त्याला तेव्हाही दोष दिला नाही आणि आजही देत नाही. आमच्या ठाण्यात पहारेकरी तासातासाला पितळी थाळीवर टोल द्यायचा. आजूबाजूच्या वस्तीतल्या बाया त्या टोलावर डाळ शिजत घालायच्या. जे ठाणं साऱ्या गावाला वेळ वाटतं, त्याला दुसऱ्या कोणाची वेगळी वेळ असेल हे सुचावं कसं?

कारभाऱ्याला मी ठाण्यात बोलावून घेतलं.

बंजाऱ्यांच्या तांड्यात प्रमुख तो नायक आणि त्याच्या खालोखाल कारभाऱ्याचा मान. भांडण असो, लग्न असो, बैठकीत नायकाच्या उजव्या हाताला त्याची जागा. हा पन्नाशीचा, उंच, अंगात स्वच्छ बंडी, डोक्याला लाल फेटा. खुर्ची दिली तरी बसला नाही. आत येताच फेटा मात्र त्याने काढून हातात धरला. तांड्यातलं माणूस दिसलं की चोरीचा वास येणारे लोक मी पोलीस खात्यातही पाहिले आहेत आणि खात्याबाहेर त्याहून जास्त. माझं डोकं अशा लोकांवर फिरतं. पण संशय नोंदवला गेला होता, चौकशी करणं माझं काम होतं.

"घड्याळ नेलं का?"

"साहेब, थे घडी माह्या पणज्यानं हैदराबादेहून आणली. बैलांची लदेणी होती आमची. मीठ, धान्य, कापड, जे सांगाल थे बैलाच्या पाठीवर. याडीच्या सासऱ्याच्या बापानं थे घडी घेतली अन् माह्या पणज्याच्या हवाली केली. कापसात गुंडाळून, गोणीत घालून आणली. पळवायचीच असती तं त्यानंच रस्त्यात नसती का पळवली? आम्ही चार पिढ्या कायले थांबलो?"

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तो चाचींना याडी म्हणत होता. माझा हवालदार लिहिता लिहिता हसला आणि मग माझ्याकडे पाहून पुन्हा लिहू लागला.

"घरातून निघाल्यावर कुठं गेला?"

"कापूस संकलन केंद्रावर. गाडी लागली होती लाईनीत. पोराले बसवून आलतो, जाऊन त्याले सोडलं. मंग रातभर तिथंच."

ते खरं होतं. माझ्या माणसांनी केंद्रावर जाऊन विचारलं. त्या दिवसांत कापसाच्या गाड्यांची रांग गावाबाहेर जायची. रांगेतला माणूस जागचा हलला तर मागचे दहा जण लगेच नंबर पुढे सरकवायला टपलेले, त्यामुळे कोण कुठं होतं हे रांगेइतकं चोख कोणी सांगत नाही. दुपार कलल्यापासून कारभारी तिथून हलला नव्हता. पण त्याचा उपयोग काय? चोरी दुपारी बारानंतर लगेच झालेली, आणि तेव्हा तो चाचींच्याच घरी.

पुतण्याने गावभर बोभाटा केला होता. वरून एका पुढाऱ्याचाही फोन आला, "ठाणेदार साहेब, तांड्यावरचा आहे, दोन पट्टे द्या, बोलेल." मी म्हणालो, "पट्टा माझ्या कमरेला पॅन्ट धरायला आहे." आरोपीला हात लावून मी एकही गुन्हा उघडकीस आणला नाही, हे मी छाती पुढे काढून सांगतो. मारून माणूस कबूल होतो, वस्तू सापडत नाही.

दुसरीकडेही शोध चालूच होता. घड्याळ विकत मागायला कोणी आलं होतं का, असं चाचींना विचारल्यावर त्यांनी पुसदच्या एका जुना माल घेणाऱ्याचं नाव घेतलं. दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा चाचींनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं. आम्ही त्याला गाठलं. तो अगदी हसतमुख. म्हणाला, त्या दिवशी दुपारी बारा वाजता मी मुकुटबनला होतो, एका घरची जुनी कपाटं पाहत, वाटल्यास विचारा. मुकुटबन म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. आम्ही विचारलं. खरोखरच होता, तिथं जेवलाही होता. माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी असत नाही, तेव्हा त्याला सोडावं लागलं.

म्हणजे उरला कारभारी. तो रोज सांगितल्या वेळी ठाण्यात यायचा, बाकाशेजारी उभा राहायचा आणि जायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्यासोबत आलेल्या तांड्यावरच्या एका माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, कारभारी बैठकीले येणं सोडून राह्यला. नायक म्हणते, ये. थो म्हणते, चोराचा ठप्पा घेऊन न्याय करायले कसा बसू?" ते ऐकून मला चैन पडेना. घड्याळ पितळेचं होतं, आज ना उद्या सापडलं असतं. इथं एका भल्या माणसाची अब्रू चालली होती, आणि ती माझ्याच ठाण्याच्या बाकाशेजारी उभी होती.

म्हणून मी पुरवणी जबाब घ्यायला स्वतः चाचींकडे गेलो.

दिवस कलला होता. चाचींनी बैठकीत बसवलं, सीताफळं पुढे केली. "घ्या साहेब. त्याच्याच झाडाची आहेत. त्याचं नाव नका घेऊ तुम्ही. थो माह्या लेकरावानी आहे."

"चाची, लेकरावानी आहे हे कोर्टात चालत नाही. तुम्ही नीट आठवा."

भिंतीतल्या कोनाड्यात एक भरतकामाचा रुमाल अंथरलेला होता. त्यावर घड्याळाच्या चार पायांचे चार ठसे. मी ते पाहत होतो, एवढ्यात मशिदीतून संध्याकाळची, मगरिबची अजान सुरू झाली. चाचींनी डोक्यावर ओढणी घेतली, उठल्या, कोनाड्याशी गेल्या आणि बोट पुढे केलं. मग कोनाडा रिकामा आहे हे त्यांच्या लक्षात आलं. बोट तसंच हवेत राहिलं. डोळे भरून आले होते.

"काय करत होत्या, चाची?"

"आदत आहे साहेब. बारा वाजवत होती."

"बारा? आत्ता?"

त्या माझ्याकडे अशा बघू लागल्या, जणू मीच अडाणी. "मंग? मगरिबले बाराच वाजते ना."

माझ्या मनगटावर सहा वाजायला आले होते. मी उठून उभा राहिलो.

नमाज झाल्यावर त्यांनी सगळं समजावलं. त्यांच्या सासरी पूर्वापार दिवस सूर्य बुडल्यावर सुरू होतो. अजान झाली की घड्याळ बारावर. तिथून नव्या दिवसाचा पहिला तास, दुसरा तास. सूर्य रोज थोडा पुढेमागे होतो, म्हणून रोज काटा थोडा सरकवायचा. हैदराबादेकडच्या जुन्या घरांत असंच असायचं म्हणे. "आमची जुम्म्याची रात म्हणजे तुमची गुरुवारची," त्या म्हणाल्या. "चाचा होते तवा थे फिरवत. आता मी. पोरगा म्हणते घडी चुकते. घडी नाही चुकत साहेब, त्याले वाचता येत नाही."

म्हणजे चाचींनी काटा फिरवला तो दुपारी नव्हे, दिवस बुडताना. नमाजला बसल्या ती जोहरची नव्हे, मगरिबची. आणि दिवस बुडताना कारभारी कापसाच्या रांगेत होता, पुढचे-मागचे साक्षीला. दुपारी बारा वाजता मुकुटबनला जेवणारा माणूस मात्र संध्याकाळपर्यंत ढाणकीला आरामात पोचू शकत होता.

मला स्वतःवर हसू आलं. माझी आई खेड्यातली, तिला घड्याळ कळत नव्हतं. 'दिवस कासराभर वर आला की निघ' म्हणायची, म्हणजे सूर्य बैल बांधायच्या दोरीइतका वर आला की. माझ्या लग्नात भटजींनी पाण्याच्या घंगाळात भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडली होती. ती भरून बुडाली की घटका भरली, तोवर सगळे वऱ्हाडी तिच्याकडे डोळे लावून. एवढ्या तऱ्हेच्या वेळा पाहिलेला मी, पण वर्दी अंगावर चढली की वेळ म्हणजे ठाण्याचा टोल, एवढंच डोक्यात राहतं.

पुरवणी जबाब तिथंच लिहिला. शेवटी एक प्रश्न विचारला, आणि तो विचारल्याबद्दल मी आजही स्वतःची पाठ थोपटतो. "चाची, अशी घड्याळं आणखी असतील. हे तुमचंच, हे कसं ओळखाल?"

त्यांनी ओढणीच्या गाठीतून पितळी चावी काढून दाखवली. मी म्हणालो, चावी दुसऱ्यालाही बसेल. मग त्या किंचित लाजल्या. "बाराचा एक पाय नाही त्याले."

"म्हणजे?"

"थ्या इंग्रजी आकड्यात बाराले शेवटी दोन पाय असते ना उभे? त्यातला एक आमच्या बोटांनी खाल्ला. आधी सासऱ्याच्या, मंग चाचाच्या, मंग माह्या. रोज तिथंच बोट टेकते."

माल मिळण्याच्या आधी, माल न पाहता सांगितलेली खूण. तपासी अंमलदाराला याहून मोठी देणगी नाही. दोन पंचांच्या सह्या घेतल्या.

हवालदाराला वाटलं, आता लगेच पुसदला धाड. मी म्हणालो, "थांब. पुतण्या गावभर दुपार सांगतोय ना? सांगू दे. चोराला आपण स्वतःच बारा वाजताची खुर्ची दिली आहे. तो तीत निवांत बसला आहे. त्याला उठवू नको."

पण त्यासाठी कारभाऱ्याला आणखी काही दिवस तो डाग वागवावा लागणार होता. मी त्याला एकट्याला बोलावून सांगितलं की तुम्ही निर्दोष आहात हे मला कळलं आहे, पण तोंड उघडलं तर घड्याळ कायमचं जाईल. त्याने हातातला फेटा माझ्यापुढे धरला.

"याडीची घडी येत असंन तं थांबतो साहेब. पण एक सांगतो. माही अब्रू चार भिंतीत नाही गेली. साऱ्यांसमोर गेली. जिथं गेली तिथंच आणून द्या."

मी त्याला शब्द दिला. वर्दीत असताना मी फार कमी लोकांना शब्द दिले आहेत.

काही दिवसांनी पुसदहून खबर आली. माझा खबरी एक मोटार मेकॅनिक होता, साऱ्या जुन्या बाजाराशी त्याची ऊठबस. फोनवर म्हणाला, "साहेब, एक जण घडीसाजांकडे फिरून राह्यला. जुन्या मेजावरच्या घडीले चावी पाहिजे म्हणते. माप घेऊन हिंडते. घडी दाखव म्हटलं तं दाखवत नाही." चावी चाचींच्या ओढणीला बांधलेली होती. बंद घड्याळाला शहरात भाव येत नाही, चालतं करून ठोके ऐकवले की दुप्पट, हे मला तेव्हाच कळलं.

धाड घातली. गोदामात, जुन्या कपाटाच्या खालच्या खणात, गाद्यांच्या कापसात गुंडाळलेलं घड्याळ मिळालं. जप्ती पंचनामा झाला, घड्याळ मोहोरबंद केलं, आणि तो हसतमुख माणूस माझ्यापुढे येऊन बसला. तेव्हाही हसतच होता.

"घड्याळ कोणाचं?"

"आमच्या आजोबांचं साहेब. अशा घड्या पन्नास घरी निघतील."

"चावी?"

"हरवली. लय वर्षं झाली."

"मग चालत कसं होतं?"

"बंदच आहे साहेब. आजोबा गेल्यापासून कोणी हात नाही लावला."

हे शेवटचं वाक्य मी हवालदाराला जसंच्या तसं लिहायला लावलं. मग म्हणालो, "बरं, त्या दिवशीचं सांगा."

त्याने मुकुटबन सुरू केलं. कपाटं कशी होती, जेवायला वांग्याची भाजी होती, ती तिखट होती, सगळं सांगितलं. मी मान डोलावत राहिलो. चहा मागवला. तो भाजीपर्यंत आला तेव्हा विचारलं, "आणि दिवस बुडताना?"

"अं?"

"दिवस बुडताना कुठं होता?"

"पण साहेब... थे तं दुपारचं आहे ना?"

"मी संध्याकाळचं विचारतोय."

आधी तो उमरखेडला होता. मग वाटेत गाडी पंक्चर झाली होती. पंक्चर कुठं काढलं, तर आठवत नव्हतं. दुपारची वांग्याची भाजी आठवणाऱ्या माणसाला संध्याकाळचं पंक्चर आठवेना. बारा वाजताची तयारी पक्की करून आलेला तो, सहाचा पेपर हातात पडल्यावर पार गडबडून गेला.

मग पंचांसमोर मोहोर फोडली आणि घड्याळ त्याच्यापुढे ठेवलं. "आजोबांचं आहे ना? आकडे वाचा."

त्याला ते रोमन आकडे येत होते, धंदाच तो. बोटाने दाखवत त्याने वाचले. "नऊ, दहा, अकरा..." आणि बोट वरच्या आकड्यावर आलं तेव्हा थांबलं.

"वाचा ना."

"अकरा," तो हळू म्हणाला.

"दोन अकरा? तुमच्या आजोबांच्या घरी दोनदा अकरा वाजायचे?"

"बाराच आहे साहेब. पुसला आहे थोडा."

"बाकीचे आकडे काळेभोर आहेत. एकटा हाच कसा पुसला? कोणी हात लावला नाही म्हणालात."

मी चाचींचा पुरवणी जबाब वाचून दाखवला, तारखेसकट आणि पंचांच्या सह्यांसकट. 'बाराचा एक पाय' या शब्दांशी आल्यावर त्याने पाणी मागितलं. पाणी प्याल्यावर त्याने सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा घड्याळ मागायला गेला तेव्हा मगरिबची वेळ होती. चाची आत नमाजला गेल्या, बाहेर घड्याळापुढे तो एकटा. तेव्हाच त्याने ते मनात धरलं होतं. त्या दिवशी मुकुटबनहून परत येताना गाडी ढाणकीला वळवली, अजान होईपर्यंत थांबला, आणि पाच मिनिटांत काम केलं. नंतर पुतण्याकडून दुपारची बातमी कानावर आली, तेव्हा देवच पावला असं त्याला वाटलं. त्याच्यावर हात उचलावा लागला नाही, आवाजही चढवावा लागला नाही.

घड्याळ आमच्या मालखान्यात आलं. हवालदार म्हणाला, "साहेब, चावी आणून ठाण्याच्या टोलाशी जुळवून ठेवू का? ठोके छान आहेत म्हणतात." मी म्हणालो, "हात लावशील तर बदली करीन. ते आपल्या हद्दीत आहे, आपल्या वेळेत नाही."

दोषारोपपत्र गेलं. पुढे कोर्टाने सुपुर्दनाम्यावर, म्हणजे बोलावल्यावर हजर करायच्या लेखी हमीवर, घड्याळ चाचींना परत द्यायचा हुकूम दिला. मी निरोप पाठवला की शिपाई घरपोच आणून देईल. उलट निरोप आला, शिपाई नको, मीच येते.

कधी घराबाहेर न पडणाऱ्या चाची पुतण्याच्या गाडीतून ठाण्यात आल्या. सही केली, मालखान्यातच ओढणीची गाठ सोडून घड्याळाला चावी दिली. माझ्याकडून आजचा दिवस कधी बुडेल ते विचारून काटे लावले. मग घड्याळ मांडीवर घेऊन म्हणाल्या, "साहेब, तुमची जीप आमच्या मागं येऊ द्या. तुम्ही कोणाले तरी शब्द दिला आहे म्हणे."

गाडी घराकडे वळली नाही. तांड्याच्या वाटेला लागली.

तांड्यात निरोप आधीच गेला होता. लिंबाच्या झाडाखाली बैठक बसलेली, मध्ये नायक, त्याच्या उजव्या हाताची जागा रिकामी. कारभारी बाजूला, गाईच्या गोठ्याशी फेटा हातात धरून उभा होता, जसा माझ्या बाकाशेजारी उभा राहायचा तसाच. मी सगळ्यांसमोर, शासकीय भाषा बाजूला ठेवून सांगितलं की चोर कोण होता, तो कसा सापडला, आणि या माणसाने निर्दोष असून केवळ माझ्या सांगण्यावरून किती दिवस तोंड बंद ठेवलं. मग पुतण्या पुढे झाला. त्याला चाचींनी ढकललं नव्हतं, तो स्वतः गेला आणि कारभाऱ्याच्या पायाला हात लावून म्हणाला, "माहं चुकलं, काका." मला त्या पोराचंही कौतुक वाटलं. गावभर बोललेलं गावासमोर परत घेणं सोपं नसतं.

चाचींनी घड्याळ चौरंगावर ठेवलं, काचेचं दार उघडलं. "बेटा, इथं अजान ऐकू येत नाही. दिवस बुडाला की तू सांग."

कारभारी टेकडीकडे पाहत राहिला. सगळा तांडा पाहत राहिला. मीही.

"बुडाला, याडी."

"मंग आज बारा तू वाजव."

त्याने बोट धोतराला पुसलं आणि काटा सरकवत, जिथं आकड्याचा पाय झिजला होता तिथं टेकवलं. घड्याळाने ठोके द्यायला सुरुवात केली. तिथली पोरं मोठ्याने मोजत होती.

त्यानंतर मी ज्या ज्या ठाण्यावर गेलो तिथं पहिल्याच दिवशी लिखापढीच्या माणसांना एक गोष्ट सांगितली. साक्षीदाराने वेळ सांगितली की लगेच लिहू नका. आधी विचारा, कशावरून? सूर्यावरून, अजानीवरून, जिनिंगच्या भोंग्यावरून की एसटीवरून? माणूस सहसा खोटं बोलत नाही, तो त्याच्या घरची वेळ सांगत असतो. ती आपल्या वेळेत ओढून बसवली की भला माणूस गोत्यात येतो. कितीतरी गुन्ह्यांत ही शिकवण कामी आली. ठाण्यातली पोरं पाठीमागे मला 'बारा वाजवणारे साहेब' म्हणत, तेही मला माहीत होतं आणि आवडत होतं.

पण त्या संध्याकाळी लिंबाखाली असलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. बारावा ठोका पडला तेव्हा नायकाने उजव्या हाताची जागा थोपटली. कारभाऱ्याने हातातला फेटा डोक्यावर बांधला आणि जाऊन तिथं बसला. माझ्या मनगटावर तेव्हा किती वाजले होते, ते मी पाहिलं नाही.